सिंप्सन्सपासून इफ्फीपर्यंत: नव्या प्रेक्षकानं सुरुवात कुठून करावी

दरवर्षी इफ्फी, म्हणजे गोव्यात भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आटोपला की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ‘आम्हालाही जरा वेगळं काहीतरी बघायचंय, सुरुवात कुठून करू?’ विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. टीव्हीवरच्या मालिकांना विटलेले, घरी दोन-तीन अॅपचे पैसे भरणारे आणि तरी रात्री अर्धा तास नुसती यादी खालीवर करून झोपी जाणारे. त्यांना सांगून सांगून जे पाठ झालंय ते इथं एकदाच लिहून ठेवते. सिनेमे आहेतच, पण जास्त जागा मोठ्यांसाठीच्या कार्टून विनोदी मालिकांना दिली आहे, कारण गोंधळ तिथं जास्त होतो.

माझी मतं ठाम आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही. पण एक ऐका: पहिल्या सीझनचा पहिला भाग लावायची सवय सोडा. यातल्या बऱ्याच मालिकांची सुरुवात कच्ची आहे. माणसं दोन भाग बघतात, कंटाळतात आणि ‘हा प्रकार आपल्यासाठी नाही’ असं कायमचं ठरवून मोकळी होतात. सुरुवातीची जागा चुकली की मत चुकलंच.

१. आधी सामान जमवा

• बरे इअरफोन किंवा बाहेरचा स्पीकर. पावसाची सर कौलांवर, पत्र्यावर कोसळायला लागली की टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, संवाद कळत नाहीत. जून ते सप्टेंबर गोव्यात बसून बघणार असाल तर पहिला खर्च हाच.
• अॅपवर तुमचं वेगळं प्रोफाइल, आणि त्याला पिन. घरात मुलं असतील तर हे आजच करा.
• एक साधी वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण मोबाइल हातात आला की भाग बाजूला राहतो.
• इफ्फीला जायचं असेल तर सरकारी फोटो ओळखपत्र, पासपोर्ट आकाराच्या फोटोची फाइल, चालू ईमेल आणि मोबाइल नंबर. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड काढून ठेवावं. ऐन वेळी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क रजेवर असतो.

कुठली मालिका कुठल्या अॅपवर आहे हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते सतत बदलतं. वर्षभराचं पॅक घेण्याआधी त्या अॅपवर मालिकेचं नाव शोधा आणि सगळे सीझन आहेत की नुसते शेवटचे चार-पाच, ते बघा. जुन्या मालिकांच्या बाबतीत हा सापळा नेहमीचा आहे. जाहिरातीत नाव असतं, आत गेल्यावर हवा तो सीझन नसतो.

२. ‘कार्टून म्हणजे पोरांचं’ हे डोक्यातून काढा

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. म्हणजे आपल्याकडे चित्रपट जितका जुना, जवळजवळ तितकीच ही कलाही जुनी. अमेरिकेत १९६० साली ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली ती रात्रीच्या वेळी, मोठ्यांच्या मालिकांच्या रांगेत. मागे हशाची ध्वनिफीतसुद्धा लावत. कार्टून फक्त मुलांच्या चॅनेलवर असतं ही समजूत त्यानंतरची, आणि आपल्याकडे ती केबल टीव्हीनं घट्ट केली.

याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे शिनचॅन. जपानात १९९० साली तो मोठ्यांच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झाला. आपल्याकडे थेट मुलांच्या चॅनेलवर आला, हिंदीत बोलू लागला आणि पालक म्हणाले, ‘कार्टं किती उद्धट आहे!’ बरोबरच आहे. मूळ माल त्या वयासाठी नव्हताच. पण तुम्ही मोठे आहात, तर आता शिनचॅनकडे न बघता त्याच्या बापाकडे बघा. हिंदीत त्याचं नाव हॅरी. घराचं कर्ज, ऑफिसातली धावपळ, घरी आल्यावर पायमोज्यांच्या वासावरून बोलणी आणि रात्रीचा एक बिअरचा ग्लास. नोकरी करून घर चालवणाऱ्या माणसावर इतक्या मायेनं केलेली थट्टा टीव्हीवर फारशी नाही. मुलांच्या निमित्तानं हे घरात चालूच असतं, तेव्हा सुरुवात इथूनही करता येते, फुकटात.

वयोगटाची खूण मात्र वाचायला शिका. २०२१ च्या नियमांपासून अॅपवरच्या कार्यक्रमांना यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशा खुणा असतात. थिएटरच्या प्रमाणपत्रातही आता यूएचे असेच तीन भाग झाले आहेत. चित्र गोल-गोल आणि रंगीत आहे म्हणून खूण न बघता मुलांसमोर लावू नका. खाली ज्या मालिका सांगते त्यातल्या अर्ध्याअधिक मुलांसोबत बघण्याजोग्या नाहीत.

३. पहिलं दार: सिंप्सन्स, पण चौथ्या सीझनपासून

मॅट ग्रेनिंगचं हे कुटुंब १९८७ मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमातल्या छोट्या तुकड्यांत दिसलं आणि डिसेंबर १९८९ पासून त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, अणुवीज प्रकल्पात झोपा काढणारा होमर, त्याची सोशिक बायको मार्ज, वांड बार्ट, हुशार लिसा, तोंडात चुपणी घातलेली मॅगी. पहिल्या सीझनमध्ये चित्रं ओबडधोबड आहेत, होमरचा आवाजसुद्धा वेगळा आहे. तिथं जाऊ नका. चौथा सीझन लावा आणि मोनोरेलचा भाग शोधा. तो १९९३ चा आहे, लिहिला कोनन ओब्रायननं.

गोष्ट अशी. अणुकचरा चोरून टाकल्याबद्दल प्रकल्पाच्या मालकाला दंड होतो आणि गावाच्या हाती एकदम तीस लाख डॉलर पडतात. त्यांचं काय करायचं यावर सभा भरते. मार्ज म्हणते, मुख्य रस्त्याचे खड्डे बुजवा. लोकांना ते जवळजवळ पटतं. तेवढ्यात मागून एक टापटीप विक्रेता शिट्टी वाजवत पुढे येतो, म्हणतो, तुमच्या गावाला हे झेपायचं नाही, शेजारच्या गावाला विचारतो. झालं! शेजारच्या गावाचं नाव काढल्याबरोबर अख्खी सभा पेटते, तो गाणं सुरू करतो आणि गाणं संपेपर्यंत मोनोरेल मंजूर. गोव्यात रविवारची तापलेली ग्रामसभा एकदा जरी पाहिली असेल, तरी हा भाग समजायला अमेरिकेची काही माहिती लागत नाही. फरक इतकाच की आमच्या ग्रामसभेत मार्जच्या बाजूनं बोलणारे जास्त असतात आणि ते इतक्या लवकर गप्प बसत नाहीत.

हा भाग दोनदा बघा. दुसऱ्यांदा माणसांकडे न बघता मागच्या पाट्या, दुकानांची नावं, गर्दीतले चेहरे बघा. पणजी मार्केटच्या भिंतींवरची व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आपण कशी बघतो? आधी सगळा गलका दिसतो, मग कोपऱ्यातलं कुत्रं, मग खिडकीतून डोकावणारी बाई. इथंही निम्मे विनोद कुणीच बोलून दाखवत नाही, ते नुसते रंगवलेले असतात.

पुढचा क्रम असा ठेवा:

• चौथ्याच सीझनमधला संपाचा भाग. कामगारांच्या दातांच्या उपचाराची सवलत जाणार असते आणि होमर युनियनचा पुढारी होतो. वास्को किंवा खाणपट्ट्यातल्या वाचकांना जास्त मजा येईल.
• पाचव्या सीझनमधला, बार्टचा वैरी साइडशो बॉब तुरुंगातून सुटून येतो तो भाग. त्यात बॉबचा पाय जमिनीवर पडलेल्या दाताळ्यावर पडतो आणि दांडा तोंडावर बसतो. मग पुन्हा, मग पुन्हा, असं नऊ वेळा. भाग लांबीला कमी पडत होता म्हणून हे वाढवलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हसू येतं, पाचव्याला ‘पुरे’ वाटतं आणि आठव्याला पोट धरून हसायची पाळी येते. विनोदात वेळेचं गणित काय असतं हे शिकवायला यापेक्षा छोटा धडा नाही.
• दुसऱ्या सीझनमधला लिसाच्या बदली शिक्षकाचा भाग. चित्रं अजून कच्ची आहेत, पण रेल्वे स्टेशनवरच्या निरोपासाठी बघा.
• आठव्या सीझनमधला फ्रँक ग्राइम्सचा भाग, सगळ्यात शेवटी. कष्ट करून वर आलेला एक सहकारी होमरचं घर, गाडी, कुटुंब बघतो आणि त्याचं डोकं फिरायला लागतं. होमरशी ओळख नसताना हा भाग बघितलात तर नुसता क्रूर वाटेल. ओळख झाल्यावरही क्रूरच आहे, पण मग तो आपल्यालाच लागतो.

आठव्या-नवव्या सीझनपर्यंत मनसोक्त बघा. पुढे सलग बघू नका, कुणी नाव घेऊन सुचवलेला भाग तेवढा बघा. मालिका अजून चालू आहे म्हणून सगळी बघायलाच हवी असं नाही.

अपूबद्दल थोडं, कारण भारतीय प्रेक्षक म्हणून तो प्रश्न येतोच. कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक अपू, त्याचा तो हेल काढून बोललेला इंग्रजी उच्चार, आणि आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकारानं यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये अझारियानं हा आवाज सोडला. इथं बसून बघताना आपल्याला फारसं काही बोचत नाही. उलट अपू गावातल्या बहुतेकांपेक्षा शहाणा आहे, संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेला, चोवीस तास राबणारा. माझंही मत बराच काळ ‘एवढं काय त्यात?’ असंच होतं. पण आपल्या वाड्यावरची कितीतरी कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहिली आहेत. त्यांच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारा, वर्गात कुणी असा उच्चार काढून दाखवला तर कसं वाटतं. पात्र चांगलं लिहिलेलं असणं आणि त्याचा आवाज कुणाच्या तरी पाठीवर दगडासारखा बसणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. जुने भाग बघा, पण हे ठाऊक असू द्या.

४. पुढची दारं, आणि कुठं थांबायचं

बोजॅक हॉर्समन (२०१४ ते २०२०, सहा सीझन). वर दिलेला नियम इथं लागू नाही. कथा सलग आहे, म्हणून पहिल्यापासूनच बघावी लागते. नव्वदच्या दशकात एका मालिकेनं गाजलेला नट, आता काम नाही, दारू आहे, बंगला आहे आणि तो घोडा आहे. पहिले पाच-सहा भाग ‘बरं आहे’ एवढंच वाटेल. धीर धरा. तिसऱ्या सीझनमध्ये समुद्राखाली घडणारा जवळजवळ संवाद नसलेला एक भाग आहे, आणि पाचव्यात एक अख्खा भाग म्हणजे आईच्या अंत्यविधीला बोजॅकनं केलेलं एकट्याचं भाषण. पडद्यावर घोडा उभा राहून बोलतोय, बाकी काही नाही, आणि आपण हलत नाही. नाटकाच्या गावातल्या माणसाला, जत्रेत पहाटेपर्यंत नाटकं बघितलेल्यांना, याची किंमत लगेच कळेल. इशारा: व्यसन आणि नैराश्य हाच विषय आहे. मन आधीच जड असेल त्या दिवशी लावू नका, आणि एका रात्रीत पाच भाग तर नकोच.

किंग ऑफ द हिल (१९९७ पासून). माझी सगळ्यात लाडकी, आणि याच मालिकेवर सगळ्यात कमी लोकांना मी राजी करू शकले आहे. टेक्सासमधलं छोटं गाव, नायक हँक हिल गॅस विकतो आणि ते काम देवपूजेसारखं करतो. कुणी किंचाळत नाही, कुणी उडत नाही. चार मित्र कुंपणाशी बिअर घेऊन उभे राहतात आणि ‘हं’ म्हणतात. हँकची राजकीय मतं तुमच्याशी जुळणार नाहीत कदाचित, तरी त्याच्यावर जीव जडतो, आणि मला मालिकेचं मोठेपण त्यातच वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमधला कुठलाही भाग उचला. घाईत बघण्याचा हा प्रकार नाही. रविवारी दुपारी, मासळी-भात जेवून, डोळे जड झालेले असताना छान लागते.

फ्यूचुरामा (१९९९ पासून, मध्ये दोन-तीनदा बंद पडून पुन्हा सुरू). ग्रेनिंगचीच, पण एकतिसाव्या शतकातली. लेखकांत खरेखुरे गणित-विज्ञानातले डॉक्टरेटवाले होते. केन कीलरनं तर मनांची अदलाबदल झालेल्या एका भागाचा गुंता सोडवायला नवं प्रमेय मांडून सिद्ध केलं. गणिताचे शिक्षक असाल तर हा २०१० चा भाग आधी बघा. नायक फ्रायच्या कुत्र्याचा भाग कुत्रं पाळणाऱ्यांनी जपून.

साउथ पार्क (१९९७ पासून). पहिला भाग कागद कापून, एकेक चित्र हलवून केला होता. पुढे संगणक आला, पण दिसणं मुद्दाम तसंच ठेवलं. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन एक भाग साधारण सहा दिवसांत उभा करतात, त्यामुळे चालू आठवड्यातली भानगड त्याच आठवड्यात पडद्यावर येते. तियात्रातलं (गोव्याच्या कोंकणी नाटकातलं) कांतार, म्हणजे गाणं, ऐकलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही. परवाचा मंत्र्याचा घोटाळा आज स्टेजवर, आणि लोक पुन्हा गायला लावतात. पण अशा विनोदाचं जे होतं ते इथंही होतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या बातमीवरचा भाग आज बघितला तर कोण कुणावर हसतंय तेच कळत नाही. म्हणून जुन्या भागांपैकी बातमीवर न बेतलेले, चार पोरांच्या आपसातल्या भांडणांचे भाग निवडा. भाषा अत्यंत शिवराळ आहे, देवधर्मही सुटत नाही. सासूबाई शेजारच्या खोलीत असतील तर इअरफोन.

फॅमिली गाय (१९९९). हिचे तुकडे मोबाइलवर इतके फिरतात की बहुतेकांना मालिका बघितल्यासारखीच वाटते. गोष्ट मध्येच तोडून भलत्याच प्रसंगावर उडी मारायची आणि परत यायचं, हे तिचं तंत्र. त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात ती कमालीची हसवते आणि बावीस मिनिटांत दमवते. मी तिला शेवटी ठेवते. तुम्ही ती आवडीनं बघत असाल तर बघा, पण तिच्यावरून बाकीच्यांबद्दल मत करू नका. नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती इथंच: तुकडे बघून मालिका ठरवणं.

रिक अँड मॉर्टीचे पहिले दोन सीझन बघा. चाहत्यांच्या वादात पडू नका.

५. आवाज मूळचा, अक्षरं चालू

मूळ इंग्रजीत बघा, सबटायटल लावून. कार्टूनमध्ये अर्धा अभिनय गळ्याचा असतो. बार्टचा आवाज नॅन्सी कार्टराइट या बाईंचा आहे हे कळल्यावर पुन्हा ऐकून बघा. शिनचॅन मात्र हिंदीतच बघा. ते हिंदी रूपांतर आता आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यात इतकं मुरलंय की मूळ जपानी परकं वाटेल.

प्रत्येक न कळलेल्या विनोदाला थांबून शोधत बसलात तर भाग मेला. सगळा भाग बघून घ्या, मग एकच संदर्भ शोधा, बाकीचे जाऊ देत. आपणही पु. लं. पहिल्यांदा वाचताना सगळे संदर्भ कुठे समजले होते?

६. आता सिनेमे

मालिकांनंतर लांब पल्ला. इथं मी ठरवून अॅनिमेशन आणि साधे सिनेमे आलटून पालटून सांगते, म्हणजे डोळ्यांना एकाच प्रकाराची सवय लागत नाही.

सुरुवात ‘फ्लो’नं करा. लाटव्हियाचा २०२४ चा सिनेमा, २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला, ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला. सगळीकडे पाणी भरत जातं आणि एक मांजर, एक कुत्रं, एक लेमूर, एक कॅपिबारा, एक उंच पक्षी अशी मंडळी एका होडीत येतात. एकही संवाद नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बघावा असा हाच एक.

मग ‘किल्ला’ (२०१४). कोकणात बदलून आलेली आई, तिचा मुलगा, पाऊस. अविनाश अरुणचा पहिला सिनेमा, बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला. आपल्या अंगणातला पाऊस पडद्यावर कसा पकडतात हे बघण्यासाठी.

मग ‘पर्सेपोलिस’ (२००७). इराणमध्ये वाढलेल्या मुलीची काळ्या-पांढऱ्या रेषांतली गोष्ट. मार्जान सत्रापीनं आपल्याच चित्रकथेवरून विन्सेंट पारोनोबरोबर केली. रंग जवळजवळ नसतानाही कंटाळा येत नाही, आणि तिची आजी विसरता येत नाही.

मग ‘पलतडचो मुनीस’ (२००९). लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा कोंकणी सिनेमा, कथा महाबळेश्वर सैलांची, टोरंटोला समीक्षकांचं पारितोषिक मिळवलेला. जंगलात एकटा राहणारा वनखात्याचा माणूस आणि वेडी म्हणून टाकलेली बाई. मराठी वाचकाला सबटायटलची गरज पडू नये. गोवा म्हणजे समुद्रकिनारा असं समजणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यांना मी हाच दाखवते.

आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८). युद्धात उघडे पडलेले दोन भाऊ-बहीण. तुमच्या लहान मुलांना ‘जपानी कार्टून’ म्हणून हे कधीही लावू नका. जपानात तो ‘माय नेबर टोटोरो’च्या जोडीनं एकाच तिकिटावर दाखवला होता. पाठोपाठ बघून घरी गेलेल्यांचं काय झालं असेल, कुणास ठाऊक. मुलांना टोटोरो दाखवा, हा तुम्ही एकट्यानं बघा.

७. इफ्फी: पहिल्या वर्षी एवढं करा

गोव्यात राहून इफ्फीला न जाणं म्हणजे मांडवीकाठी राहून पूल न बघणं. २००४ पासून तो इथं होतो, साधारण २० ते २८ नोव्हेंबर. कोविडच्या फेऱ्यात तेवढा जानेवारी २०२१ मध्ये झाला.

• नोंदणी ऑनलाइन असते आणि ऑक्टोबरपासूनच डोळा ठेवावा लागतो. शुल्क आणि नियम दरवर्षी थोडे बदलतात, गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.
• कार्ड स्वतः जाऊन घ्यायचं असतं. शक्यतो उद्घाटनाच्या आधीच घ्या. पहिल्या दिवशी रांग पणजीतल्या जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवाराबाहेर येते.
• नुसत्या कार्डावर सीट मिळत नाही. प्रत्येक शोचं बुकिंग वेगळं करायचं असतं, आणि गाजलेले सिनेमे काही मिनिटांत भरतात. बुकिंग उघडायची वेळ लिहून ठेवा, गजर लावा.
• बुकिंग मिळालं नाही तर घरी बसू नका. रांगेत उभं राहून उरलेल्या सीटवर आत जाता येतं. सकाळच्या पहिल्या शोला ही रांग बहुतेक वेळा आत जाते.
• निवड करताना फक्त गाजावाजा झालेले सिनेमे धरू नका, ते पुढे कुठं ना कुठं येतातच. जुन्या, दुरुस्त केलेल्या प्रतींचे शो आणि छोट्या देशांचे सिनेमे आधी घ्या. मोठ्या पडद्यावर ते पुन्हा दिसणार नाहीत.
• दिवसाला दोन, फार तर तीन. चौथ्याला तुम्ही झोपता आणि सिनेमा वाईट होता असं सांगत फिरता.
• महोत्सवातले सिनेमे सेन्सॉर न होता दाखवतात. त्यामुळे काही लोक दुसऱ्याच आशेनं येतात आणि अर्ध्या तासात उठून जातात. त्यांच्या उठण्यावरून सिनेमाबद्दल मत करू नका.

परतीचं आधी ठरवा. रात्रीचा शो सुटेपर्यंत म्हापसा-मडगावची कदंबची (सरकारी बससेवेची) शटल संपलेली असते, आणि चारचाकी घेऊन महोत्सवाजवळ कांपालला जागा शोधणं म्हणजे अर्धा सिनेमा गेला. गाडी पणजीतल्याच पाटोला ठेवून पुढे जा. मोठी बॅग नेऊ नका, दारात अडवतात. दोन शोंच्या मध्ये भाजीपाव आणि चहा पुरतो. भरपेट जेवून इराणी सिनेमाला बसलात तर परिणाम सांगायला नको.

८. चारजणांत बघायचं असेल तर

कार्टून विनोद एकट्यानं बघण्यापेक्षा तिघा-चौघांत जास्त खुलतो. घरच्या घरी मित्र बोलावून बघा, एका बैठकीत दोन भागांच्या वर जाऊ नका. भिंतीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर आधी सबटायटल वाचून बघा. पावसाळ्यात ओल धरलेल्या, पोपडे आलेल्या भिंतीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, चादर ताणून बांधा.

गावच्या क्लबात किंवा वाचनालयात जाहीर खेळ लावायची हौस मात्र परवानगीशिवाय भागवू नका. अॅपची वर्गणी घरच्या वापरापुरती असते. जाहीर खेळासाठी हक्कदाराची लेखी परवानगी लागते. स्वतंत्रपणे सिनेमे करणाऱ्या कोंकणी-मराठी दिग्दर्शकांना पत्र लिहून विचारलं तर पुष्कळदा ते होकार देतात, स्वतः येतातसुद्धा.

९. वही उघडा, आणि नको ते सोडा

बघून झाल्यावर त्याच रात्री तीन ओळी लिहा: कुठल्या क्षणी हसलात, कुठं मोबाइलकडे हात गेला, कुठलं पात्र आठवतंय. तारे देऊ नका, पाचपैकी साडेतीन याचा वर्षभरानं काहीच अर्थ लागत नाही. विनोद कळला नाही की कळूनही हसू आलं नाही, हे वेगवेगळं लिहा. पहिल्याचा दोष बहुधा मालिकेचा नसतो. इतरांची परीक्षणं वाचायची ती हे लिहून झाल्यावर.

सोडण्याचा माझा नियम सोपा आहे. वर सांगितलेल्या दारातून शिरून तीन भाग बघितले आणि वहीत हसल्याची एकही नोंद नाही, तर मालिका बंद. बोजॅकला तेवढे आठ भाग द्या. सोडलेल्या मालिकांचीही यादी ठेवा, दोन-तीन वर्षांनी त्यातली एखादी पुन्हा लावून बघण्यासारखी असते. आणि ज्या अॅपवर फक्त सोडलेलीच मालिका होती, त्याचं ऑटो-पे त्याच दिवशी बंद करा. अॅप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती रद्द करावी लागते.